जांबाच्या झाडावर माझं डोकं

माझ्या डोक्यात एक फुगा आहे. वाढदिवसाचा नाही. मेंदूतल्या एका रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ झाली आणि तिथं तिला छोटीशी फुगी आली, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. आमच्या यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा वेगळंच काहीतरी निघालं, मग म्हणाले, "म्हणजे सायकलची ट्यूब फुगते तसं." इतक्या वर्षांचा संसार केला, आणि माझ्या मेंदूला उपमा मिळाली ती सायकलच्या ट्यूबची. तेही नशीब म्हणायचं. मेंदू आहे एवढं तरी त्या दिवशी कबूल झालं.

सापडला कसा तेही ऐका. मला चक्कर यायची. चक्कर होती कानाची, पण कानाचं आधी कोणाला सुचावं? डोक्याची एमआरआय काढली. चक्कर पुढे गोळ्यांनी गेली आणि फुगा मात्र राहिला. पलंगाखाली चप्पल शोधायला वाकावं आणि विंचू दिसावा, तसं झालं. चप्पल मिळाली, पण आता पलंगावर झोप कशी लागणार?

डॉक्टर मात्र शांत माणूस. म्हणाले, "चार मिलिमीटरच्या आसपास आहे. लहान आहे. असे बरेच फुगे माणसासोबत म्हातारे होतात आणि काही करत नाहीत. ऑपरेशन करता येतं, पण त्यालाही त्याचे धोके आहेत. सध्या आपण लक्ष ठेवू. वर्षभरानं पुन्हा फोटो काढू. वाढला तर मग बोलू." आणि आम्ही उठायला लागल्यावर म्हणाले, "फोटो त्याच सेंटरला काढा, त्याच मशीनवर. आणि ही सीडी जपून ठेवा, येताना घेऊन या. नुसत्या रिपोर्टवर मला तुलना करता येत नाही."

हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, म्हणजे आमच्या यांच्या हिशेबी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

वर्ष सरलं. त्या वर्षात मी कुरडया घातल्या, पाहुण्यांच्या पंगती उठवल्या, मोहल्ल्यातल्या एका बाईशी पाण्याच्या मोटरवरून कडाक्याचं भांडण केलं. फुग्यानं चूं केलं नाही. मग फोटोची वेळ आली आणि आमचे हे कामाला लागले. त्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. घड्याळासारख्या तबकड्यांवरचे काटे वाचायचे आणि लिहून ठेवायचे. त्यामुळे यंत्रावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा आहे. अपवाद एकच, आमच्या घरचं विजेचं मीटर. ते मात्र दर महिन्याला खोटं बोलतं.

"त्या जुन्या सेंटरले काहून जायचं?" ते म्हणाले. "लय वेळ बसवते तिथं. आपल्या जुन्या फोरमनचा जावई नव्या सेंटरले आहे ना! फोन केला का नंबर लागते."

"डॉक्टर म्हणत होते का त्याच मशीनवर काढा."

"अवं, डॉक्टर तसं म्हणतेच. नवी मशीन म्हणजे जुनीपेक्षा चांगलंच दिसन ना? आपला माणूस आहे तिथं. ओळखीचा."

आता यावर काय बोलणार? आमच्या नागपुरात माणूस दुकानात, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा ओळखीनं जातो. बिनओळखीचा उपचार म्हणजे आम्हाला उपचारच वाटत नाही. गेलो. फोरमनच्या जावयानं आम्हाला रांगेतल्या लोकांच्या पुढे काढलं, लोक आमच्याकडे मारक्या म्हशीसारखे बघत होते, आणि आमच्या यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की जणू मला विमानात बसवून देत आहेत.

पहिल्या वेळी लांब नळीत घालून ठकठक, धडधड झालं होतं. या वेळी नळी नव्हती, मोठं कडं होतं आणि हातात सुई टोचून औषध सोडलं. सगळ्या अंगातून गरम पाणी फिरल्यासारखं वाटलं. मी विचारलं, "मागच्या वेळी असं नव्हतं." जावई म्हणाला, "काकू, हे सीटी आहे. याच्यात अजून क्लिअर येते." बरं बाबा. तू ओळखीचा.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. पाच पूर्णांक तीन मिलिमीटर. त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं की तुलनेसाठी जुनी चित्रं मिळाली नाहीत. ती ओळ घरात कोणी वाचली नाही, मीसुद्धा नाही. आकडा दिसला की अक्षरं कोण वाचतं? मागच्या वेळचा आकडा चार पूर्णांक एक. वजाबाकी आमच्या घरात सगळ्यांना येते.

मुलगा मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. हुशार आहे, माझ्यावर गेला. त्यानं लॅपटॉप उघडला, मागचं एक टिंब मांडलं, आताचं एक टिंब मांडलं, आणि त्यातून तिरपी रेघ काढली. ती रेघ वर वर जात स्क्रीनच्या कोपऱ्यातून बाहेर पडली.

"आई, तू टेन्शन घेऊ नको," तो म्हणाला, "पण हा रेट पाहिला तर..."

"तर काय?"

"काही नाही. तू टेन्शन घेऊ नको."

दोन टिंबांतून रेघ काढली तर ती सरळच येते, एवढं तर मला सातवीत सोडलेल्या शाळेतही शिकवलं होतं. पण हा कॉम्प्युटरमधला आलेख होता, रंगीत होता, बोलायची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एका नातेवाइकानं चुकून केक पाठवला.

मुलानं रिपोर्टचा फोटो डॉक्टरांकडे पाठवला. उत्तर आलं: खरंच वाढला असेल तर ऑपरेशनबद्दल बोलावं लागेल, पुढच्या आठवड्यात या, जुनी सीडी आणा.

त्या दिवसापासून माझी घरात मूर्ती झाली. सुनेनं स्वयंपाकघरातून मला बाहेर काढलं. मिरची बंद. शिटी वाजली तर मी दचकेन म्हणून कुकर बंद, वरण पातेल्यात शिजायला लागलं आणि दुपारपर्यंत शिजतच राहिलं. नातवंडांना ताकीद, आजीजवळ मोठ्यानं बोलायचं नाही. पण सगळ्यात वाईट वागले ते आमचे हे. ते माझ्याशी गोड वागायला लागले. मी म्हटलं, आज उकाडा आहे, तर म्हणाले, हो, आहे. मी म्हटलं, नाही, तसा गारवाच आहे, तर म्हणाले, हो, गारवा आहे. लग्न झाल्यापासून या माणसानं माझं एक वाक्य सरळ जाऊ दिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, संपलं. हे हो म्हणतात म्हणजे आपलं काही खरं नाही.

हसण्यावारी लिहिते आहे, पण भीती होती. मरणाची तेवढी नव्हती, या वयात ते दाराशी चपला काढूनच बसलेलं असतं. भीती होती कवटी उघडण्याची. उघडतील, फुग्याला चिमटा लावतील, परत शिवतील, आणि मी उठून बसेन. पण माझी जीभ उठली नाही तर? कोणाला ओळखलं नाही तर? माझं सगळं भांडवल बोलणं. ते गेलं तर मागे राहील ती नुसती खाणारी-पिणारी बाई. आणि हे सगळं एका वजाबाकीवर ठरणार होतं.

तर, सीडी. शोध सुरू झाला. काळ्या फिल्मांचं मोठं पाकीट गादीखाली सापडलं, आमच्याकडे सगळ्यांचे एक्स-रे गादीखालीच नांदतात. पण पाकिटातल्या सीडीचा खिसा रिकामा. टीव्हीखालचे खण उपसले, कपाटं उपसली. शेवटी सून हळूच म्हणाली, "आई, दिवाळीत आत्याबाई आल्या होत्या, तेव्हा त्यांनी जुन्या सीड्या नेल्या ना? पोपटांसाठी?"

मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

"तुम्ही देल्या?"

"तिनं मागितल्या. म्हटलं आता सीड्या पाहते कोण?"

आत्याबाई म्हणजे माझी नणंद, खाप्याला असते. आम्ही दोघी एका वयाच्या, तिचं-माझं अवं-तुवं चालतं. तिच्या मागच्या अंगणात जांबाचं झाड आहे. जांब म्हणजे तुमचा पेरू. जांब पिकले की पोपटांची धाड येते, म्हणून ती फांद्यांना जुन्या सीड्या टांगते. उन्हात त्या चमकतात, फिरतात, आणि पोपट घाबरतात. मी फोन लावला.

"हो वं, टांगल्या ना," ती म्हणाली. "लय मस्त चमकतेत. एक पोपट येऊन नाही राहिला."

"त्यात माझं डोकं आहे."

"काय म्हणते?"

"माझ्या डोक्याचा फोटो आहे त्या सीडीत. उतरव ते."

ती मग म्हणाली, "तरीच म्हटलं पोपट एवढे काहून घाबरून राहिले."

दुसऱ्या सकाळी मुलाच्या गाडीनं खाप्याला निघालो. रस्ता कोराडीवरूनच जातो. लांबून ते कमरेत बारीक, अजस्र मनोरे दिसायला लागले, त्यातून पांढरे लोट निघत होते. आता ही जागा आली की आमच्या घरात एक ठरलेला कार्यक्रम असतो. मी म्हणते, बापरे किती धूर, आणि हे म्हणतात, धूर नाही ती वाफ आहे, धूर निघतो चिमणीतून, हे मनोरे पाणी थंड करायचे आहेत, आणि हे व्याख्यान पाटणसावंगीपर्यंत चालतं. त्या दिवशी गाडीत कोणी बोलत नव्हतं. मी मुद्दाम म्हटलं, "बापरे, किती धूर."

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हो. लय धूर आहे."

रिपोर्ट वाचून घाबरले नव्हते तेवढी मी आता घाबरले.

खाप्याला नणंद दारातच उभी होती. मागच्या अंगणात नेलं तर झाड असं सजलेलं की लग्नाचा मांडव बरा. लाल सुतळीला सगळ्या सीड्या गरगर फिरत होत्या. पण सीडीवर पेननं लिहिलेली नावं ऊन खाऊन बसलं होतं. कोणती कशाची, काही कळेना.

"ओळख आता तुझं डोकं कोणतं ते," नणंद म्हणाली.

"ज्याच्यावर पक्ष्याची घाण नाही ते."

"मंग तर एकही तुझं नाही."

सगळ्याच उतरवल्या. नणंद स्टुलावर चढून सुतळ्या कापत होती आणि खाली मला शिव्या देत होती. आम्ही निघताना म्हणाली, "एक तरी ठेव वं. पोपट येतीन." मग एकदम माझा हात धरला आणि सोडेचना. तिच्या पदरात बांधलेले जांब तिनं माझ्या पिशवीत ओतले. आमच्या खानदानात माया ही अशी फळं-भाज्यांतून दाखवतात.

डॉक्टरांकडे नवी अडचण. त्यांच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची जागाच नाही. आतून एक डबी आणली, वायर जोडली. पहिली सीडी उघडलीच नाही. दुसरी उघडली, आणि पडद्यावर माझ्या मुलाची वरात निघाली. मधोमध मी, जांभळ्या शालूत, दोन्ही हात वर करून बँडपुढे नाचते आहे. डॉक्टर बघत राहिले. म्हणाले, "मान तर चांगली हलते तुमची." मुलानं कपाळाला हात लावला. आमचे हे बारीक आवाजात म्हणाले, "शालू मीच घेतला होता."

पुढच्या एकीत कोणाचं तरी कीर्तन निघालं. आणि त्यानंतरची उघडली तेव्हा काळ्या पडद्यावर माझी कवटी आली. काही चित्रं निघालीच नाहीत, ती जांबावरच्या उन्हानं खाल्ली होती. पण फुगा जिथं आहे तिथली निघाली. डॉक्टरांनी जुनं चित्र डावीकडे ठेवलं, नवं उजवीकडे, आणि खुर्ची पुढे ओढली. पहिल्यांदाच कोणीतरी आकडा न बघता फुगा बघत होतं.

बराच वेळ फिरवून-फिरवून बघितल्यावर म्हणाले, "हे दोन्ही एका जातीचे फोटो नाहीत. पहिल्यात औषध सोडलं नव्हतं. ते मशीन वाहतं रक्त टिपतं. फुग्याच्या कडेला रक्त संथ घोळत असलं तर तेवढा भाग त्यात पुसट येतो, फुगा जरा लहान दिसतो. दुसऱ्यात औषधानं सगळी पोकळी भरली, म्हणून तो पूर्ण दिसतो, थोडा फुगलेलाही दिसू शकतो. शिवाय मोजलं कुठून कुठपर्यंत? एकानं आडवं मोजलेलं दिसतंय, दुसऱ्यानं फुग्याच्या मानेपासून टोकापर्यंत."

हे मला लगेच समजलं. मी साऱ्या मोहल्ल्याची ब्लाउजं शिवली आहेत. छातीचं माप श्वास घेऊन घेतलं की सोडून, एवढ्यावरून बायका जाड-बारीक होतात. पण मी गप्प बसले. त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून तर वर्षापूर्वीच सांगितलं होतं.

मग त्यांनी स्वतः दोन्ही फुगे एकाच रीतीनं मोजले. जुना चार पूर्णांक सात, नवा पाच. बाजूच्या खोलीतून त्यांच्या मदतनीस डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि आपले आकडे न सांगता त्यांनाही मोजायला लावलं. त्यांचे आले, जुना चार पूर्णांक नऊ, नवा चार पूर्णांक आठ.

"म्हणजे कमी झाला?" आमच्या यांनी एकदम सरसावून विचारलं.

"नाही काका. म्हणजे एवढा फरक मोजण्यातच असतो. एक मिलिमीटरच्या आत काही वरखाली दिसलं तर त्यावर आम्ही वाढ म्हणत नाही."

"पण साहेब, मशीन खोटं कशी बोलन?"

"मशीन चित्र काढतं, काका. मोजतो तो माणूस."

इतकी वर्षं काटे वाचलेल्या माणसाला हे नव्यानं ऐकायला लागलं. मला हसू आलं आणि दयाही आली, दोन्ही एका वेळी.

"मग वाढला नाही ना?" मी विचारलं.

"वाढला असं मी म्हणू शकत नाही."

"वाढला नाही असं म्हणता का?"

"तेही छातीवर हात ठेवून नाही म्हणता येत." ते हसले. "पण आकार बघा, दोन्हीकडे गुळगुळीत आहे. त्याला बाजूनं नवा कोंब फुटलेला नाही. तसा कोंब दिसला असता तर आकडा तोच असूनही मी घाबरलो असतो. या रिपोर्टवर मी तुमचं डोकं उघडणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा काढू. जुन्याच मशीनवर."

"आणि माझा ग्राफ?" मुलगा म्हणाला.

"तिसरं टिंब येऊ दे."

मी विचारून घेतलं, ठेचा खाऊ का? म्हणाले, बीपी सांभाळा, मीठ बेतानं घ्या, मिरचीचा आणि फुग्याचा काही संबंध नाही. कुकर? त्यांना प्रश्नच कळला नाही. सून मान खाली घालून बसली. त्या रात्री घरात कुकरच्या शिट्ट्या ऐकून मला बँड वाजल्यासारखं वाटलं.

पण आमचे हे काही सुधारले नाहीत. सहा महिने गोडच राहिले. भाजी करपली तरी छान, चहात साखर विसरली तरी छान. मी भांडणासाठी किती जागा करून दिली, माणूस आत पाऊल टाकेना. शेजारणी म्हणायच्या, किती समजूतदार आहेत हो तुमचे! त्यांना काय सांगू, की मला माझा जुना नवरा परत पाहिजे होता.

सहा महिन्यांनी जुन्या सेंटरला गेलो. ओळख नाही, नंबर नाही, रांगेत बसलो. हे घड्याळाकडे बघायचे आणि गप्प राहायचे. तीच नळी, तीच ठकठक. सीडी माझ्या पर्समध्ये, फडक्यात गुंडाळून, कारण घरातल्या कोणावरही माझा विश्वास उरला नव्हता. डॉक्टरांनी पहिलं आणि तिसरं चित्र शेजारी ठेवलं, मग एकावर एक ठेवलं.

"फरक दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे नाही?" मी विचारलं.

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

मला तेवढं पुरलं. माणसाला यापेक्षा जास्त खात्री कशाची असते? मुलाच्या आलेखातली रेघ तिसऱ्या टिंबापाशी येऊन लोळली. त्यानं ती ग्रुपवर टाकली नाही, आनंदाची गोष्ट असूनही.

त्याच आठवड्यात रविवारी खाप्याला निघालो. नणंदेचे सारखे फोन. पोपटांनी बहार धुऊन नेला, सीड्या परत आणा. वरातीची, कीर्तनाची, न उघडणारी आणि उरलेल्या, अशा पिशवीत घेतल्या. माझी घेतली नाही. तिनं आधीच फोनवर विचारलं होतं, "तुझं डोकं देत नाही का? तेच्यानंच तर पोपट येत नव्हते." मी म्हटलं, आता त्याला डॉक्टरांच्या तारखा आहेत.

कोराडी आली. मनोऱ्यांतून पांढरे लोट चालले होते. मी काही ठरवून बोलले नाही, तोंडातून निघून गेलं. "बापरे, किती धूर."

हे मागे वळले. कपाळावर आठ्या, आवाज चढलेला. "धूर नाही वं ते! कितीकदा सांगितलं तुले! वाफ आहे, वाफ! धूर चिमणीतून निघते. हे पाणी थंड करते. तुह्या डोक्यात काही जातच नाही!"

मुलानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावला. पाटणसावंगी येईपर्यंत ते बोलत होते, आणि मी लग्नानंतर पहिल्यांदा मध्ये एक शब्द बोलले नाही.